द्राक्षमळ्याची मजुरी आणि घरातला खाडा

वडगाव शेरीत राहणाऱ्या आणि एका पतसंस्थेत नोकरी करणाऱ्या भगिनीचे सविस्तर पत्र आले आहे. त्या लिहितात : "दर रविवारी आम्ही सगळे मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) जातो. शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनाचे बायबलमधले वाचन, मी लक्ष देऊन ऐकते, फादरांचे प्रवचनही आवडते. पण सोमवारी सकाळी डबे, मुलाचा क्लास, यजमानांची रांजणगावची शिफ्ट आणि पतसंस्थेतली गर्दी सुरू झाली की काल काय वाचले गेले हे आठवतसुद्धा नाही. एखाद्या दिवशी भांडीवाल्या मावशी आल्या नाहीत तर सगळाच दिवस विस्कटतो, आणि महिनाअखेरीस त्यांचे खाडे मोजायचे कामही माझ्याच माथी असते. येशूच्या गोष्टींतले पेरणारा, मेंढपाळ, द्राक्षमळा यांतले आमच्या आयुष्यात काहीच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर रोज एक वचन येते, ते मी पुढे पाठवते, एवढाच काय तो संबंध. द्राक्षमळ्यातल्या मजुरांचे वाचन झाले तेव्हा तर मला चक्क राग आला. आमच्याकडे नव्याने लागलेल्या मुलीला आणि इतकी वर्षे काम करणाऱ्या मला दिवाळीचा बोनस सारखाच मिळाला होता. क्षमेचे वाचन आले की सासूबाई माझ्याकडे बघतात, कारण श्रीरामपूरच्या जमिनीवरून धाकट्या दिरांशी आमचे बोलणे बंद आहे. 'या सगळ्याचा आपल्याशी काय संबंध?' असे पंधरा वर्षांचा मुलगा विचारतो आणि मी गप्प बसते. शुभवर्तमान रोजच्या जगण्याशी जोडायचे तरी कसे?"

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातले मला सर्वांत मोलाचे वाटलेले वाक्य म्हणजे "मला चक्क राग आला" हे होय. वाचन सोमवारपर्यंत टिकत नाही अशी तुमची तक्रार आहे. परंतु द्राक्षमळ्याचे वाचन तुमच्या मनात इतके टिकले की त्याविषयी तुम्ही मला पत्र लिहिलेत, आणि ते कुठे बोचले हेही तुम्हाला नेमके सांगता आले. शुभवर्तमानाचा आपल्या जगण्याशी असलेला संबंध बहुधा अशाच जागी सापडतो. आपण तो साम्यात शोधतो, म्हणजे त्या गोष्टीत मेंढपाळ आहे आणि आपल्याकडे मेंढरे नाहीत, म्हणून गोष्ट आपली नाही असे ठरवून मोकळे होतो. जिथे वाचन पटत नाही, जिथे येशू चुकीच्या माणसाची बाजू घेतो आहे असे वाटते, तिथे क्षणभर थांबण्याची सवय लावून घ्यावी, असे माझे तुम्हाला पहिले सांगणे आहे. म्हणून बाकीच्या प्रश्नांकडे वळण्यापूर्वी त्या रागाजवळच आपण जरा बसू.

मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या विसाव्या अध्यायातली ही गोष्ट. मळ्याचा मालक पहाटे बाजारात जातो, एका दिनारावर मजूर ठरवतो, मग सकाळी नऊला, दुपारी बाराला, तीनला आणि अखेर दिवस मावळायला तासभर राहिला असताना, म्हणजे पाचच्या सुमारास, पुन्हा जातो. पाच वाजता तिथे उभ्या असलेल्यांना तो विचारतो की तुम्ही दिवसभर रिकामे का उभे आहात, आणि ते सांगतात की आम्हाला कोणी कामावर लावलेच नाही. हे उत्तर आपल्या कानांवरून सहज घसरून जाते. तुम्ही सकाळी लवकर वारज्याच्या मजूर अड्ड्यावरून गेला असाल तर तिथे थापी, घमेले आणि जेवणाचा डबा घेऊन उभी असलेली माणसे पाहिली असतील. टेम्पो येतो, अंगापिंडाने मजबूत असलेल्यांना आधी उचलतो; म्हातारे, तान्हे मूल असलेल्या बायका आणि गावाकडून नुकतेच आलेले मागे राहतात. ऊन चढले तरी ती माणसे लगेच घरी जात नाहीत, कारण रिकाम्या हाताने घरी जाऊन सांगायचे काय, हा प्रश्न असतो. गोष्टीतली पाच वाजताची माणसे आळशी होती असे मत्तय कुठेही म्हणत नाही.

दिनार ही त्या काळची एका दिवसाची मजुरी होती, आणि हातावर पोट असलेल्या घराची त्या दिवसाची भाकरी तिच्यावरच अवलंबून असे. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याकडे ठेवू नये असे बायबलमधला लेवीय ग्रंथ सांगतो, आणि तो गरीब असून त्याचे मन त्या पैशांकडे लागलेले असते म्हणून सूर्य मावळण्यापूर्वीच ती द्यावी असे बायबलमधल्याच 'अनुवाद' नावाच्या ग्रंथात म्हटले आहे. म्हणूनच गोष्टीतला मालक संध्याकाळ होताच कारभाऱ्याला हाक मारतो, आणि पाच वाजता आलेल्यांनाही पूर्ण दिनार देतो. तासाभराच्या कामाचे त्याने दिनाराचा बारावा भाग म्हणून पैसे दिले असते तर कोणी हरकत घेतली नसती, पण त्या घरात त्या रात्री चूल पेटली नसती. पहाटे आलेल्यांना मात्र ठरल्याप्रमाणे पूर्ण दिनार मिळाला, त्यांचे काहीही कापले गेले नाही. त्यांना खुपले ते दुसऱ्याला मिळालेले.

आता तुमच्या बोनसविषयी स्पष्टच सांगते. ही गोष्ट पतसंस्थेचे वेतनधोरण नव्हे, आणि अनुभवाची कदर होत नाही असे तुम्हाला वाटत असेल तर व्यवस्थापकांकडे ते लेखी मांडण्यास शुभवर्तमानाची कोणतीही आडकाठी नाही. उलट या गोष्टीच्या आधीचा अध्याय उघडून पाहा : तिथे पेत्र येशूला विचारतो की आम्ही सर्व काही सोडून तुमच्यामागे आलो, तर आम्हाला काय मिळणार? त्या प्रश्नावर येशू पेत्राला गप्प करत नाही. आधी भरघोस आश्वासन देतो आणि मग ही गोष्ट सांगतो. म्हणजे तुमचा प्रश्न बारा प्रेषितांपैकी पहिल्याच्या तोंडून आधीच विचारला गेलेला आहे, तेव्हा तो मनात आला म्हणून अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. फक्त व्यवस्थापकांकडे जाल तेव्हा "माझी इतकी वर्षे लक्षात घ्या" एवढेच म्हणा. "तिला इतके का दिले" हे म्हणू नका, कारण त्या मुलीने तुमच्या ताटातले काही घेतलेले नाही.

परंतु या वाचनाचा तुमच्या घराशी असलेला अधिक जवळचा संबंध तुमच्या पत्रात दुसऱ्याच वाक्यात दडलेला आहे, आणि तो तुमच्या लक्षात आलेला दिसत नाही. ही गोष्ट ऐकताना तुम्ही स्वतःला पहाटेपासून राबणाऱ्या मजुरांत उभे केलेत. आपण सगळेच तसे करतो. मात्र महिनाअखेरीस खाडे मोजणारी व्यक्ती या गोष्टीत मजूर नसते, मालक असते. तुमच्या मावशी बहुधा चार-पाच घरची कामे करत असतील. त्यांना तीन दिवस ताप आला तर तो खाडा एका घरी होत नाही, प्रत्येक घरी होतो, आणि औषधाला पैसे लागतात त्याच महिन्यात हातात येणारी रक्कम सगळीकडूनच कमी होते. हा विषय पुण्याला नवा नाही. १९८० साली या शहरातल्या मोलकरणी संपावर गेल्या, त्यातून त्यांची संघटना उभी राहिली, आणि आजारपणाची रजा हा तेव्हाच्या मागण्यांतला एक कळीचा मुद्दा होता. पुढे २००८ मध्ये महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदाही झाला. तरीही कॅलेंडरवर फुली मारून पैसे कापण्याची रीत पुष्कळ घरांत, आणि त्यांत आपल्या ख्रिस्ती घरांतही, निमूटपणे चालू आहे.

म्हणून या वाचनासाठी मी तुम्हाला एकच कृती सुचवते. यजमान आणि सासूबाई यांच्याशी बोलून महिन्याच्या काही भरपगारी सुट्ट्या ठरवा, आजारपणाचा खाडा कापायचा नाही असे ठरवा, पगाराची एक तारीख नक्की करा आणि दिवाळीला एक पगार जास्त द्या. हे मावशींना समोर बसवून, उपकाराचा सूर न लावता, ठरलेला व्यवहार म्हणून सांगा. त्या अडचणीत आल्यावर आपण मोठ्या मनाने काहीतरी देण्यापेक्षा हे निराळे आहे, कारण ठरलेली गोष्ट त्यांना हक्काने मागता येते. हे झाले की ते वाचन तुम्हाला सोमवारी आठवावे लागणार नाही. ते तुमच्या महिन्याच्या हिशेबातच उतरलेले असेल.

आता वाचन करण्याच्या पद्धतीविषयी. आपल्या कॅथलिक उपासनेत रविवारच्या वाचनांचे चक्र तीन वर्षांचे असते : 'अ' वर्षी मत्तयाचे शुभवर्तमान, 'ब' वर्षी मार्कचे आणि 'क' वर्षी लूकचे. चौथे, योहानाचे, प्रामुख्याने प्रायश्चित्तकाळात (ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या दिवसांत) व पुनरुत्थानकाळात (ईस्टरनंतरच्या आठवड्यांत), आणि मार्कच्या वर्षात उन्हाळ्यानंतरचे काही रविवार येते. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्याही १९९२ पासून जवळपास याच धर्तीची वाचनसूची वापरतात, त्यामुळे तुमची एखादी सहकारी दुसऱ्या चर्चला जात असली तरी त्या आठवड्यात पुष्कळदा तिच्यासमोर हाच उतारा असतो. येणाऱ्या रविवारी काय वाचले जाणार हे आधीपासून ठाऊक असते, आणि या सोयीचा उपयोग आपण फारच थोडा करतो. गुरुवारी किंवा शुक्रवारी रात्री जेवणे झाली की तो उतारा घरात मोठ्याने वाचा. दोनदा वाचा, दुसऱ्यांदा वेगळ्या व्यक्तीने. ज्या मराठीत तुम्ही घरी बोलता त्या मराठीच्या जवळ जाणारे भाषांतर घ्या. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून आयुष्याच्या अखेरीपर्यंत बायबलचे भाषांतर केले, ते साध्या खेडवळ बायकांना वाचता-ऐकता यावे या आचेने केले, आणि त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, १९२४ मध्ये, ते पूर्ण छापून निघाले. ही आच आपण विसरता कामा नये. आधी वाचलेला उतारा रविवारी कानी पडतो तेव्हा तो परका राहत नाही, आणि फादरांच्या प्रवचनातले नेमके काय आपल्यासाठी आहे हे ओळखता येते.

वाचून झाल्यावर "यातून काय बोध घ्यायचा" असे विचारू नका. हा प्रश्न शाळेतल्या तात्पर्याचा आहे आणि त्याचे उत्तर दर आठवड्याला तेच येते, की चांगले वागावे. त्याऐवजी "या गोष्टीत मी बहुतेक वेळा कुठे उभी असते" असे विचारा. पुष्कळदा आपण ज्या जागी स्वतःला कल्पिले होते ती जागा आपली नसते, हे तुम्ही द्राक्षमळ्याच्या बाबतीत आताच पाहिलेत. आणि मग त्या आठवड्यासाठी जे ठरवाल त्याला माणसाचे नाव आणि वार असू द्या. "मी अधिक प्रेमळ होईन" हा संकल्प मंगळवारपर्यंतही टिकत नाही. "गुरुवारी जावेला फोन करीन" हा टिकतो, निदान मोडला तर मोडला हे तरी कळते. बाराव्या शतकातल्या ग्विगो नावाच्या मठवासीयाने अशा वाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत : वाचन, मनन, प्रार्थना आणि देवासमोर निवांत बसणे. तुमच्या घरातल्या घाईत चौथी पायरी रोज जमेल असे मी म्हणत नाही, पण तिसरी गाळू नका. देवाशी न बोलता नुसते ठरवत गेलात, तर शुभवर्तमान हे कामांच्या यादीत आणखी एक काम होऊन बसेल.

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या वचनांविषयी थोडेच सांगते. ती पाठवू नका असे नाही, पण सुटे वचन आपल्या संदर्भातून उचललेले असते आणि पुष्कळदा भलत्याच कामाला लावलेले असते. "मला सामर्थ्य देणाऱ्याच्या योगे मी सर्व काही करू शकतो" या आशयाचे प्रेषित पौलाचे वचन परीक्षांच्या दिवसांत सर्वत्र फिरते. फिलिप्पैकरांच्या पत्रात त्याच्या आधीच्या ओळी वाचा : पौल कैदेत आहे, आणि भरल्या पोटी राहणे व उपाशी राहणे, दोन्ही आपण शिकलो आहोत असे सांगून तो हे वाक्य लिहितो. यशाची हमी मागणाऱ्याला त्या वचनाने दिलासा मिळेल, पण नापास झालेल्या मुलाला त्याची खरी गरज असते आणि नेमके त्यालाच ते कोणी पाठवत नाही.

सासूबाई तुमच्याकडे बघतात, या वाक्याने मला वाईट वाटले. वाचन चालू असताना आपली नजर दुसऱ्याकडे वळणे हा आपणा सर्वांचाच दोष आहे, आणि क्षमेच्या वाचनाच्या वेळी तो घरातल्या सुनेवर सर्वांत जास्त कोसळतो. 'अ' वर्षी हा उतारा सप्टेंबरच्या सुमारास येतो. सेवकाला राजाचे दहा हजार तालांत माफ होतात, आणि तो सोबत्याची शंभर दिनारांसाठी मानगूट धरतो. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, तेव्हा माफ झालेले कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीएवढे होते. पण शंभर दिनार म्हणजेही शंभर दिवसांची मजुरी, तीन महिन्यांहून अधिक कष्ट, हे विसरू नये. तुमच्यावर झालेला अन्याय क्षुल्लक आहे असे येशू म्हणत नाही. क्षमा करणे म्हणजे सातबाऱ्यावरचे नाव सोडून देणे, असेही या उताऱ्यातून निघत नाही. वाटणीचा प्रश्न कागदपत्रांनी आणि गावच्या चार जाणत्या माणसांना बसवून सोडवावा, आणि मनातला डंख हा निराळा प्रश्न म्हणून देवापुढे ठेवावा. जिथे मारहाण वा छळ असतो तिथे तर क्षमेचे वचन पुढे करून बाईला त्याच घरात परत पाठवणे हा त्या वचनाचा गैरवापर आहे, आणि हे मी या सदरातून पुन्हा पुन्हा सांगत राहीन.

मात्र याच्या आदल्या रविवारचे वाचन तुमच्या घरात कोणी आठवले होते का? मत्तयाच्या त्याच अठराव्या अध्यायात, क्षमेच्या गोष्टीआधी, भावाने अपराध केला तर काय करावे याचा क्रम दिला आहे : प्रथम त्याच्याकडे एकट्याने जाऊन बोलावे, ऐकले नाही तर एका-दोघांना बरोबर घ्यावे, आणि त्यानंतर मंडळीपुढे, म्हणजे चर्चपुढे, ठेवावे. आपल्याकडे हा क्रम बहुतेक वेळा उलटा चालतो. आधी सगळ्या नातेवाइकांना कळते, मग वकिलाला, आणि भावाला सर्वांत शेवटी. तुमच्या यजमानांनी धाकट्या भावाशी एकट्याने, तुम्ही आणि जाऊबाई समोर नसताना, एकदा तरी शांतपणे बोलणे केले आहे का, हे त्यांना विचारून पाहा. हरेगावच्या मतमाउलीच्या (मरियामातेच्या) यात्रेला तुमच्याकडचे लोक जातच असतील. श्रीरामपूर तिथून हाकेच्या अंतरावर आहे.

राहिला तुमच्या मुलाचा प्रश्न. तो विचारतो ही चांगली गोष्ट आहे, आणि त्याला उत्तर देण्याची घाई करू नका. द्राक्षमळ्यानंतरच्याच रविवारी दोन मुलांची गोष्ट येते : बाप मळ्यात जायला सांगतो, एक नाही म्हणतो आणि मागाहून जातो, दुसरा हो म्हणतो आणि जात नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला या गोष्टीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. गुरुवारचे वाचन त्यालाच करू द्या, दोघांपैकी तो स्वतः कोणता हे त्याला विचारा आणि मग तुम्ही कोणत्या, हेही प्रामाणिकपणे सांगा. त्यावर प्रवचन जोडू नका.

पेरणारा आणि मजूर तुमच्या आयुष्यात नाहीत असे तुम्ही लिहिता, पण ते तुमच्याच घरात आहेत. सासूबाई श्रीरामपूरकडच्या शेतकरी घरातल्या आहेत. मुठीने बी फोकून पेरतात तेव्हा काही दाणे बांधावर आणि वाटेवर का पडतात, रोजंदारीच्या खुरपणीला मुकादमाने नाव घेतले नाही तर तो दिवस कसा जातो, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर कोण कोण गेले होते, हे त्यांना ठाऊक असेल किंवा त्यांनी आईच्या तोंडून ऐकलेले असेल. नातवाने वाचल्यावर त्यांना बोलते करा. क्षमेच्या वाचनाला सुनेकडे बघणाऱ्या सासूबाईंना या घरात वाचनाविषयी सांगण्यासारखे काही आहे, हे त्यांनाही जाणवेल, आणि मला वाटते त्या नजरेवर याहून चांगला उपाय नाही.

काही आठवडे असे येतील की उतारा वाचून मनात काहीच उमटणार नाही. त्या आठवड्यात ओढूनताणून अर्थ काढू नका, फक्त वाचन सोडू नका. तुमच्या वॉर्डात घरोघरी प्रार्थनासभा होत असतील तर तिथेही प्रवचनाऐवजी हाच उतारा दोनदा वाचून प्रत्येकाने "मला कुठे अडले" एवढेच सांगावे, असे एकदा सुचवून बघा. आणि मावशींशी बोलणे या महिन्याचा पगार देण्यापूर्वीच व्हावे, म्हणजे या वेळचे खाडे मोजायला तुम्ही बसणारच नाही.